डावीकडची खोली

नात जन्माला आली त्या दिवसापासून आमच्या घरातील डावीकडची खोली लांब होऊ लागली. ती रुंद झाली नाही, उंचही झाली नाही. केवळ लांब झाली. दार होते तेथेच राहिले आणि समोरच्या भिंतीतील खिडकी दिवसागणिक थोडी मागे सरकत गेली. बाहेरून घर मोजले तर ते नकाशाप्रमाणेच भरत होते. आवार कमी झाले नव्हते आणि कुंपणाची तारही ताणली गेली नव्हती.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, साचे-हत्यारे घडवणाऱ्या टूलरूमच्या तपासणीचे काम पाहिले. माप घेतल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही सवय तेव्हापासूनची. पोलादी टेप खिडकीपर्यंत पुरेनाशी झाली तेव्हा मी सुतळी वापरली. ओळंबा सोडून भिंती पाहिल्या. त्या सरळ होत्या. फरशांची संख्या वाढलेली नव्हती. प्रत्येक फरशीच किंचित लांबट झाली होती आणि तिच्यावरील नक्षीही त्याच प्रमाणात लांबली होती. वाढ सर्वत्र सारखी असल्यामुळे तिला दोष म्हणता येत नव्हते.

दोष खिडकीत होता. तिची काच तांदळाच्या धुवणासारखी पांढरी झाली होती. मी ती आतून ओल्या फडक्याने पुसली, नंतर रॉकेलने पुसली, नंतर आवारात जाऊन बाहेरून पुसली. पांढरेपणा आतल्या बाजूस नव्हता आणि बाहेरच्या बाजूसही नव्हता. तो काचेच्या जाडीत होता. उजवीकडच्या खोलीची खिडकी मात्र स्वच्छ होती. तिच्यातून शेवग्याचे झाड, पाण्याची टाकी आणि माझा मुलगा सुहास याची मोटारसायकल नीट दिसत असे.

सुहासच्या पत्नीने, प्राजक्ताने, ही गोष्ट प्रथम बाळाच्या बाबतीत पाहिली.

“अण्णा, जरा इकडं या,” ती म्हणाली. “हिच्या डाव्या डोळ्यात आपली ती खिडकी आहे बघा.”

मी भिंग लावून पाहिले. खिडकी होती. बाहुलीच्या जागी पांढरी काच बसली होती आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात मी पुसताना उमटलेला फडक्याचा ओरखडाही दिसत होता.

आम्ही बाळाला घेऊन मुलांच्या डोळ्यांच्या शल्यचिकित्सक डॉ. लतिका हेर्लेकर यांच्याकडे गेलो. माझी पत्नी इंदुमती बाळाला मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला आणि बारीक विजेरीचा झोत आधी बाळाच्या उजव्या डोळ्यात टाकला. आतून डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबूस उजेड परत आला. मग त्यांनी झोत डावीकडे नेला. तेथून पांढरा उजेड परत आला, आणि त्याच क्षणी घरच्या खिडकीवर कोणी तरी विजेरी मारल्याचे मला तेथे बसूनही जाणवले.

“जन्मजात मोतीबिंदू आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“मोतीबिंदू?” इंदुमती म्हणाली. “अहो, तो यांना व्हायच्या वयाचा. हिला कुठनं झाला?”

“जन्मतःही असतो, आजी. तुमचं काही चुकलं म्हणून होत नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “खोली लांब होतेय ना?”

“होते आहे.”

“होणारच. या वयात डोळा लांबीत वाढत असतो. त्याची काळजी करू नका. खिडकी उघडावी लागेल, आणि ती लवकर उघडावी लागेल.”

“थोडं अंग धरू दे की तिला,” इंदुमती म्हणाली. “एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यायची? वर्षभरानं केलं तर नाही चालायचं?”

“मोठ्या माणसाचं चालतं. बाळाचं नाही चालत.” डॉक्टरांनी विजेरी खिशात ठेवली. “घर शिकत असतं, आजी. ज्या खिडकीतून काही येत नाही, त्या खोलीत घर जायचं सोडून देतं. मग पुढं ती खिडकी कितीही लख्ख करा, बघायला आत कुणी नसतं.”

“कायमचं?” प्राजक्ताने विचारले.

“कायमचं. बाळाचं वजन थोडं वाढलं की लगेच करू. तोपर्यंत एकानं त्या खोलीत राहायला हवं. दिवसा, खिडकीकडं तोंड करून. ती खोली रिकामी पडता कामा नये.”

“एकानं म्हणजे कुणी?” सुहास म्हणाला. “मला तर कामावर जायला लागतं.”

“मग हेच की,” इंदुमती म्हणाली. “निवृत्त झाल्यापासून बसायचाच सराव चाललाय.”

मी त्याच दुपारी लोखंडी खाट, टेबल आणि खुर्ची डावीकडच्या खोलीत नेली. खुर्ची खिडकीसमोर ठेवली. काम सोपे होते. पांढऱ्या काचेकडे पाहत राहायचे आणि जे दिसेल ते दिसले असे समजायचे. आरंभी काहीच दिसत नसे. काही दिवसांनी मला पांढऱ्यातील प्रकार कळू लागले. सकाळचा पांढरा पातळ असे. दुपारचा दाट असे. कोणी बाळाच्या तोंडापुढून हात फिरवला तर काचेवरून एक राखाडी पट्टा उजवीकडून डावीकडे जाई, आणि मी खुर्चीतून मान वळवून त्याच्यासोबत जाई. डॉक्टरांनी सांगितले होते तसेच मी करत होतो.

इंदुमती माझा बिनसाखरेचा चहा आणत असे.

“गार होतो हो वाटेत,” ती चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाली. “तुम्हीच अर्ध्या वाटेत येत जा. माझे गुडघे काही तुमच्या खोलीच्या मापाचे नाहीत.”

त्यानंतर आम्ही खोलीच्या मध्यावर भेटू लागलो. तेथून दाराचा उजेड आणि खिडकीचा उजेड सारखाच पडत असे. ती उभ्याने बाळाविषयी सांगे: आज किती दूध प्यायली, रात्री किती रडली, उजव्या डोळ्याने पंख्याकडे कशी टक लावून पाहते. पुढे खोली आणखी लांबली, तेव्हा ती कप दाराच्या आत ठेवून हाक मारू लागली. मी चालत जाऊन घेईपर्यंत चहावर साय धरलेली असे. मग हाक येईनाशी झाली. मग कपही येईनासा झाला.

मी दारापर्यंत गेलो. स्वयंपाकघरात तिघे जेवायला बसले होते. तीन ताटे होती. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. प्राजक्ताने मान वर केली. तिची नजर माझ्या सदऱ्यावरून दाराच्या चौकटीवर गेली आणि तेथून भिंतीवर.

“आई, इथं कुणी उभं आहे का?”

“वारा असेल,” इंदुमती म्हणाली. “ओढून घे ते दार. बाळाला लागेल.”

“इंदुमती,” मी म्हणालो, “दार बंद करू नका. आमटी मला पण वाढा.”

“रेडिओ राहिलाय काय रे कुठं चालू?” तिने सुहासला विचारले.

मला बाहेर पडता आले असते. उंबरा उंच नव्हता आणि कोणी अडवत नव्हते. पाटावर जागा होती. मी बसलो असतो तर आमटीच्या वासाने का होईना, त्यांना माझी आठवण झाली असती असे मला वाटते. परंतु मी बाहेर आलो तर खोलीत कोणी राहणार नव्हते, आणि खोलीत कोणी राहिले नाही तर पुढे काय होते ते डॉक्टरांनी सांगितले होते. प्राजक्ता उठून दाराशी आली. तिने दार ओढून घेतले तेव्हा मी एक पाऊल मागे सरकलो, म्हणजे तिचे बोट चेमटणार नाही.

त्यानंतर वस्तूंचे बारकावे जाऊ लागले. प्रथम वर्तमानपत्रातील लहान टाईप गेला. ओळी राहिल्या, अक्षरे राहिली नाहीत. मग माझ्या मापाच्या व्हर्निअर पट्टीवरच्या रेघा एकमेकींत मिसळून एक करडा पट्टा झाला. मग सदऱ्यावरच्या चौकटी गेल्या. आरशात माझ्या चेहऱ्याच्या जागी चेहऱ्याएवढा अंडाकृती भाग होता, आणि दाढी करताना मला हाताने चाचपून काम करावे लागे. भूक लागणे त्यानंतर थांबले. यात वेदना नव्हती. केवळ मोठ्या गोष्टी तेवढ्या उरत होत्या: खिडकी, खाट, दार.

एके सकाळी दारापलीकडे काही तरी जड ओढल्याचा आवाज आला.

“हितं बसतंय कपाट बरोबर,” सुहासचा आवाज आला. “ही भिंत रिकामीच होती.”

“आणि बाळाचे कपडे वरच्या फळीवर ठेवू,” प्राजक्ता म्हणाली.

दाराच्या फटीतून येणारा उजेड गेला. मी खुर्चीवर जाऊन बसलो आणि पांढऱ्याकडे पाहू लागलो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती सर्व मंडळी बाळाला घेऊन गेली, आणि त्यामुळे ती माझ्या खिडकीबाहेर आली. काचेवर हिरवट छाया पडली. भांड्यात हत्यारे ठेवल्याचे आवाज आले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हलक्या आवाजात काही सांगितले, आणि सारी खोली एकदाच श्वास सोडल्यासारखी सैल झाली.

“थांबा,” डॉ. हेर्लेकर म्हणाल्या. “दोन खुणा आहेत.”

काचेवरची हिरवट छाया जवळ आली.

“काल मी स्वतः एका भुवईच्या वर पेनानं खूण केली होती. एकच. आज दोन्ही भुवयांवर सारखाच काळा ठिपका आहे. घरच्यांना बोलवा.”

पावले आली.

“तीट आहे हो ती,” इंदुमती म्हणाली. “काजळाची. एवढी परकी माणसं पोरीला बघणार, बिनतिटेचं कसं न्यायचं बाहेर? एरवी मधोमध लावते. आज तिथं चिकटपट्टी येणार म्हणाल्या, म्हणून जरा बाजूला लावली.”

“यातली तुमची कोणती?”

“डावीकडची.”

“बाळाच्या डावीकडची, की तुम्ही समोर बसून लावलीत तेव्हा तुमच्या डावीकडची?”

“माझ्या... का तिच्या...” इंदुमती पुटपुटू लागली. आराखडा कोणत्या बाजूने पाहिला आहे हे कागदावर आधीच लिहावे लागते. ते लिहिले नाही तर कारागीर भोक उलट्या अंगाला पाडतो. हे मी तिला अनेकदा सांगितले होते, मात्र तीट लावण्याच्या संदर्भात नव्हे.

“डोळा उघडून बघा ना, मॅडम,” सुहास म्हणाला. “जो पांढरा, तो.”

“भूल दिल्यावर मी खुणेवर जाते, कागदावर किंवा नजरेवर जात नाही. आमच्याकडं तशी शिस्त आहे. आणि आता बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात. या दिव्याखाली तुम्हीही या, बघा.”

सुहासने पाहिले असावे, कारण त्याची पावले जवळ आली आणि लगेच मागे गेली.

“मग दोन्ही पुसून टाका,” प्राजक्ता म्हणाली. “नवीन खूण करा.”

“पुसल्या तर बाळ आज घरी जाणार. पुन्हा तपासणी, पुन्हा तारीख. तेवढे दिवस आपल्या हातात नाहीत.” त्यांनी हातातले हत्यार भांड्यात ठेवले. “मला इतकंच सांगा. घरी कुणाला त्या खोलीत बसवलंय ना? ती खोली कुठली? तीच खिडकी मी उघडते.”

“आम्ही सगळे उजवीकडं असतो,” सुहास म्हणाला.

“आणि डावीकडं?”

“डावीकडं कपाट आहे.”

“कपाटाच्या मागं?”

“भिंत.”

मी उठलो. काचेवर मुठीने ठोकले. आवाज झाला, परंतु तो काचेतून बाहेर न जाता मागे वळला आणि खोलीची सारी लांबी चालत दाराकडे गेला. तो दारापर्यंत पोहोचून पुन्हा माझ्याकडे येईपर्यंत बराच वेळ लागला. मी तळहात काचेवर सपाट दाबून धरला. पांढऱ्यावर पांढरेच उमटले.

“आजी, तुम्ही सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “डावीकडं कुणी आहे?”

“नाही, बाई.”

“नक्की?”

“कोण असणार?” इंदुमती म्हणाली. “चहा तेवढा उरतो.”

“काय उरतो?”

“चहा. सकाळी कितीही मापून ठेवला तरी एक कप जादाच होतो. बिनसाखरेचा. आमच्यात बिनसाखरेचा कुणीच पीत नाही. गाळते, कपात ओतते, आणि कप हातात घेऊन कपाटापुढं जाऊन उभी राहते. का ते मलाच कळत नाही. मग मोरीत ओतून देते.”

“रोज?”

“रोज. सुनेनं हसायचं बाकी ठेवलंय.”

“डावी,” डॉ. हेर्लेकर म्हणाल्या. “बाळाची डावी. आजोबा, खिडकीपासून बाजूला व्हा.”

मी खुर्ची घेऊन भिंतीला लागून उभा राहिलो. पात्याचे टोक काचेच्या कडेने आत आले. ते सुईच्या टोकापेक्षा मोठे नव्हते, आणि त्यावर खोलीतील सर्वांत मोठी वस्तू प्रतिबिंबित झाली होती: खाट. त्याच्यामागून एक बारीक नळी आली. कोमट, किंचित खारट पाणी आत पडू लागले. फरशी भिजली, माझ्या घोट्यांपर्यंत पाणी चढले आणि तेवढ्यावर थांबले. दुसरी नळी पांढरेपणा ओढू लागली. तो फुटला नाही, विरघळलाही नाही. चमच्याने खरवडलेल्या ओल्या नारळासारखा तो मध्यापासून कडेकडे निघत गेला. काम सफाईचे होते. माझ्या टूलरूममध्ये असा हात असलेला कारागीर मी क्वचितच पाहिला.

त्यानंतर पाणी ओसरले आणि खिडकी बाहेरून झाकली गेली.

दुसऱ्या दिवशी झाकण काढले. आता चौकटीत काच नव्हती, नुसता उजेड होता, आणि तो दिशा नसल्यासारखा सर्वत्र पडत होता. काही दिवसांनी डॉक्टरांनी बाहेरून एक जाड, फुगीर भिंग बसवले. उजेड गोळा झाला, माझ्या डोक्यावरून गेला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दार असलेल्या भिंतीवर पडला. मी वळून पाहिले.

भिंतीवर आमचे स्वयंपाकघर होते. ते उलटे होते. ओटा वर होता आणि पंखा खाली फिरत होता. सुहास, प्राजक्ता आणि इंदुमती छताला पाय टेकून लोंबल्यासारखे उभे होते. तिघांचेही चेहरे खिडकीकडे, म्हणजे बाळाकडे होते. रंग होते. प्राजक्ताच्या बांगड्या मला मोजता आल्या असत्या. चित्र सबंध भिंतीवर पडले होते. फक्त दाराच्या जागेवर ते नव्हते. तेथे दाराच्या आकाराचा काळोख होता, आणि चित्रातील कोणतीही गोष्ट त्या चौकटीपर्यंत आली की तेथे संपत होती.

मी दाराच्या दिशेने चालू लागलो. खोली अजून लांब होती.

“आजपासून पट्टी,” सुहास चित्रात म्हणाला. त्याचा आवाज मात्र दारापलीकडून आला. “उजव्या डोळ्यावर. मॅडम म्हणाल्या, रडली तरी काढायची नाही. चांगला डोळा झाकला तरच घर दुसरीकडं जायला शिकेल.”

पट्टी लावली गेली आणि उजवीकडच्या खोल्या अंधारल्या. ते मला दिसले नाही. मला केवळ भांडे पडल्याचा आणि सुहास कशाला तरी धडकल्याचा आवाज आला. बाळ रडू लागले. ते रडणे मी यापूर्वी इतक्या जवळून ऐकले नव्हते.

“काळवंडली हो रडून रडून,” प्राजक्ता म्हणाली. “मी काढते पट्टी.”

“काढू नकोस,” सुहास म्हणाला. “काढली तर सगळं केलेलं पाण्यात.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय? श्वास धरलाय तिनं, बघा. अंधारात काय बसायचं सगळ्यांनी असं? आई, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

“गप बस जरा,” इंदुमती म्हणाली. “कुठनं तरी उजेड येतोय.”

“कुठनं?”

“कपाटाखालनं.”

मी चालत होतो. भिंतीवर चित्राच्या एका कडेने प्राजक्ताचा अंगठा आला. तो इतका जवळ होता की त्याने अर्धी भिंत व्यापली. त्याचे नख पट्टीची कड शोधत होते. त्याच्या पलीकडे, लहान आणि स्पष्ट, इंदुमती उलटी चालत होती. तिचा एक हात पुढे होता. चित्रातील कपाट दाराच्या चौकटीला लागून अर्धेच दिसत होते. तिने त्याला खांदा लावला.

“इंदुमती,” मी म्हणालो.

नखाला कड सापडली. पट्टीचा कोपरा त्वचेपासून सुटू लागल्याचा बारीक आवाज आला आणि उजवीकडे उजेड परतू लागला तसे चित्र एका बाजूने फिकट होऊ लागले. इंदुमती आणखी एक पाऊल पुढे आली. तिचा हात, मग खांदा, मग अर्धा चेहरा दाराच्या चौकटीत गेला, जेथे चित्र नव्हते.